संस्थानिकाला चिंचेची आंघोळ

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मी आणि ही उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत चकल्या होत्या, भाजणी होती आणि चिंचेचा एक गोळा होता. चकल्या-भाजणीनं अब्रू राखली. घात केला तो चिंचेनं.

टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर आमच्या सईचा फ्लॅट. जावई निखिल बँकेत. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी मी खोलीत आलो की हा उठून उभा! घर म्हणावं की वर्ग, कळेना.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सई-निखिल फुलं आणायला लिटल इंडियात गेली, ही स्वयंपाकघरात. म्हटलं, बसून काय करायचं, पूजेची चांदी घासू. कपाटात निरांजनाशेजारी एक काळंकुट्ट नाणं मिळालं, वर एक मिशाळ गृहस्थ. पूजेला नाणं लागतंच! चिंच, मीठ, वरून दंतमंजन. दहा मिनिटांत मिशा लखलखल्या.

संध्याकाळी ताम्हनात ते पाहून निखिलचा चेहराच उतरला.

"बाबा, हे त्याच्या संग्रहातलं आहे!" सई किंचाळली. "साडेतीनशे वर्षांचं!"

जर्मनीत आपल्या औंधाएवढं एक संस्थान होतं म्हणे. तिथला राजा वारला, तेव्हा त्याच्या स्मरणार्थ पाडलेलं हे नाणं. तो काळेपणा म्हणजेच त्याचं वय. रविवारी निखिल ते नाणेसंग्राहकांच्या बैठकीत मिरवणार होता.

"असू दे बाबा. छान दिसतंय," एवढंच तो म्हणाला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. ते काम हिनं केलं, "अहो, जावयाच्या घरी तरी हात शिवशिवू देऊ नयेत!"

दुसऱ्या दिवशी नाणं रुमालात बांधून, कुणाला न सांगता एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, शहरात गेलो. एका जुन्या मॉलमधल्या नाण्यांच्या दुकानात चिनी आजोबांनी भिंग लावलं.

"अंकल, धुतलं? अय्यो!"

"पुन्हा काळं होईल?"

"उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत ठेव, होईल. पण मग नाणं खोटं बोलतं, लाह." हे 'लाह' म्हणजे तिथलं 'बरं का'.

खाली हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखाली भरलेली खाऊगल्ली) कोपी (दाट गोड दुधाची कॉफी) मागवली. सोबत आली नेमकी दोन अंडी! बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसलो. मग खाऊन टाकली.

घरी येऊन म्हणालो, "निखिलराव, तुम्हाला न विचारता नाणं घासलं, चुकलं. आणि आज न विचारताच दुकानात नेलं."

"पुन्हा न विचारता?" निखिलचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बाबा, तुम्हाला एका जागी बसवत नाही का हो? सहा वर्षं शोधत होतो मी ते!"

स्वयंपाकघरात हिच्या हातून सांडशी पडली.

"नाही बसवत," मी म्हणालो.

यावर निखिल जो हसत सुटला, तो डोळे पुसेपर्यंत.

रविवारी बैठकीत त्यानं नाण्याआधी मलाच पुढे केलं, "हे माझे सासरे. यांनी धुतलं!" सगळ्यांनी हळहळून माझ्याकडे पाहिलं. एका आजींनी पाठीवर थोपटलं.

परतल्यावर शेजारी विचारतात, सिंगापूरला काय पाहिलंत? मी म्हणतो, जावयाची बोलणी खाल्ली. त्यांना वाईट वाटतं. त्यांना काय सांगू? आता निखिल सईला मध्ये न घालता सरळ मलाच फोन लावतो. परवा म्हणाला, "बाबा, नवं नाणं मिळालंय. कुठे ठेवलंय ते मात्र सांगणार नाही!"