खंडेनवमीचं तेल

दादाने अंगठ्याने खटका दाबला आणि ती वीतभर मोटारगाडी फळीवरून आपली आपण पळाली, तेव्हा माझ्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली पडलं. बैल नाही, चावी नाही, कुणाचा हात नाही. सोळा वर्षांची घोडी मी, धावत आईच्या मागे लपले. नातवंडांना मात्र सांगते की मी तेव्हाही धीट होते.

दादा मुंबईला गोदीत कामाला होता. एका खलाशाकडून त्याने दोन चिमुकल्या मोटरा, दोन खटके आणि तांब्याची पट्टी मिळवली होती. शहापुरातल्या सुताराकडून त्याने मोठ्या फळीवर दोन लांबट गोल खाचा कोरून घेतल्या. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसायची आणि कडेच्या तांब्यातून वीज मिळायची. वीज कसली, ट्रकची जुनी बॅटरी. खटका जितका दाबाल तितकी गाडी जोरात.

गणपतीत आला तेव्हा एक मोटर त्याने माझ्या हातात ठेवली. म्हणाला, गाडी तू बनव, दसऱ्याला शर्यत लावू. जिंकलीस तर मोटर तुझी, हरलीस तर दोन्ही मुंबईला नेणार.

महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची गाडी कोरली, चाकांना सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. वळणावर उलटू नये म्हणून पोटात मासेमारीच्या जाळ्याचं शिसं भरलं. वर बैलगाडीचा उरलेला निळा रंग. त्या नादात दोनदा भात करपवला आणि दोन्ही वेळा चुलीला दोष दिला.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, विळा, नांगराचा फाळ, सगळं पुजतात. दादा आदल्या रात्रीच आला होता; त्या रांगेत मी दोन्ही गाड्या ठेवल्या. दादाची वगळली तर देव रागवेल, एवढी माझी श्रद्धा. हळदकुंकू दोघींना सारखंच लावलं. पण बैलगाडीच्या आसाला तेल घातलं की ती हलकी पळते, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. सगळे उठून गेल्यावर समईतलं तेल घेतलं आणि माझ्या गाडीला न्हाऊच घातलं. आस, मोटर, चाकं, काही सोडलं नाही. दादाच्या गाडीला नावाला एक थेंब, तोही आसावर. एवढी लबाडी करून वर देवाला हात जोडले.

दसऱ्याच्या दुपारी शर्यत लागली. पहिल्याच वळणाला माझी निळी गाडी शेपूट फिरवून उडाली, ती थेट आपट्याच्या पानांच्या टोपलीत. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. तिसऱ्यांदा तर चाकं जागच्या जागी गरगरत राहिली. दादाची गाडी मजेत फेऱ्या मारत होती. मी बघतच राहिले. माझी गाडी असं करेल हे डोक्यात शिरेचना. मग भानावर आले ते दादावर आळ घ्यायलाच. माझ्या बाजूची वीज तू चोरलीस, म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं.

आईने गाडी उचलली आणि चाक नाकाशी नेलं.

"तेल कोनी घातलं गो?"

माझी नजर समईकडे गेली.

"आन दादाच्या गाडीला?"

"एक थेंब."

आई दादाकडे वळली. "नशीब तुझं रे. हिची माया तुझ्यावर कमी हाय."

दादा पोट धरून हसत खाली बसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही मोटरा खिशात घालून गेला. मी त्याला निरोप द्यायला दारातसुद्धा आले नाही.

पंधरा दिवसांनी गावातल्या एकाबरोबर त्याची पुरचुंडी आली. घाईने उघडली. आत माझी मोटर, तेलाने गोंदासारखी चिकट झालेली. सोबत चिठ्ठी: "ही आता हलत नाय. तुझ्या देवाचा प्रसाद तूच ठेव."

दोन दिवस ती रॉकेलात बुडवून ठेवली, पिसाने साफ केली, मग बॅटरीला तारा लावल्या. मोटर फर्रकन फिरली.

मोटर फुकट गेली, असंच दादाला कळवलं. अजून त्याला तेच ठाऊक आहे.