वीजघराच्या फाटकावर पदर आणि मफलर

१२ जानेवारी १९८८, सकाळी पावणेअकरा. जिंतूर तालुक्यातल्या एका धरणाखालच्या वीजघराच्या फाटकावर पहारेकऱ्याने माझ्याबरोबरचे पाच मुलगे आत सोडले आणि दोन मुलींना बाहेर बसवलं. मलाही.

मी इंग्रजीची निवृत्त मास्तरीण. वीज कंपन्यांच्या मुलाखतींसाठी इंजिनिअरिंगची मुलं घरी तयार करते. ही सहल काढली ती ताडकळसच्या सुजातासाठी. तिचं इंग्रजी माझ्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनाही आवडलं असतं. पण मागच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, फिरतं टर्बाइन पाहिलंय का? ती खरं बोलली आणि घरी आली. पुढची मुलाखत सोमवारी होती. इथलं यंत्र कालव्याला पाणी सुटलं तरच फिरतं, आणि ते पाणी त्या दिवशी दुपारी बाराला बंद व्हायचं होतं.

जाणाऱ्यांनी परभणीहून पहाटेची एस.टी. धरावी. बोरीपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळा. जिंतूरच्या स्टँडवर गरम भजी आणि चहा उत्तम, स्वस्तही. तिथून धरणाकडची गाडी कंडक्टरच्या मर्जीने सुटते. पण दोन्ही बाजूंना करडई फुललेली असते, त्यामुळे भांडण अर्ध्यावर विसरायला होतं.

फाटकावर मात्र विसरले नाही. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, बायामाणसाचा पदर मशिनीत गुततो. वरून हुकूम हाय." लेखी दाखवा म्हटलं, तर हुकूम तोंडी. कडाक्याची थंडी. त्याच्या गळ्यात मफलर, आत गेलेल्या पाचही पोरांच्या गळ्यात मफलर.

"मशीनला मफलर गोड लागत नाही वाटतं?" मी विचारलं.

तोवर सुजाता उठली. "मॅडम, कापूस वेचायला बांधतो तसा पदर बांधू का?" तिने कासोटा घातला, पदर कमरेला आवळला, मैत्रिणीलाही बांधून दिला. मग मलाही बांध म्हटलं. सिस्टरांनी डोळे मिटले असते.

गलका ऐकून पाळीवरचे इंजिनिअर बाहेर आले. आम्हा तिघींकडे बघितलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. मफलर काढून फाटकावर टांगला आणि पहारेकऱ्याला म्हणाले, पोरांचेही काढून आण. मग आमच्याकडे वळले, "या बाई. बारा वाजत आलेत."

आत जमीन तळपायांतून गुणगुणत होती. जाडजूड दांडा गरगर फिरत होता. सुजाता माझं इंग्रजी विसरून मराठीत प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, इंजिनिअर ओरडून उत्तरं देत होते. पाणी बंद झालं, दांडा मंदावत थांबला, तेव्हाच ती हलली.

"थांबताना पण बघितलं मॅडम. आता विचारू द्या त्यांना."

फाटकावर सगळे मफलर धुण्यासारखे वाळत होते. "लय खमक्या हाव तुमी," पहारेकरी म्हणाला. मी आभार मानले. धरणाच्या भिंतीखाली सुजाताच्या आईची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तुमच्याकडे वेळ असेल तर चारठाण्याची जुनी मंदिरं बघून या; आम्हाला आमच्याच हसण्याने उशीर झाला.

सोमवारी साहेबांनी तोच प्रश्न विचारला. निकाल यायचाय, पण या वेळी पोरगी हसत घरी आली. माझ्या तळपायांत ती गुणगुण अजून आहे.

आता त्या तोंडी हुकमाचा मालक कोण, हे वीजघराच्या अधिकाऱ्यांनी मला ३१ जानेवारीपर्यंत लेखी कळवावं. कालव्याला पुढचं पाणी फेब्रुवारीत सुटणार आहे. तेव्हा मी सगळ्या मुलीच घेऊन येते आहे, कासोटे घरूनच घालून.