परत आलेलं ताट

डोंगरावरच्या त्या संशोधन-छावणीत स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. उंचीवरची विरळ हवा माणसाला कशी आजारी पाडते, हे डॉक्टरीणबाई तिथं तपासत. गिर्यारोहकांच्या बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घेत, डोकं दुखतं का विचारत. आणि हे पठ्ठे बिनदिक्कत 'नाही' म्हणत. खाली पाठवलं तर शिखर हुकणार ना!

गार बोटांवर आकडा येत नाही म्हणून मावशींनीच त्यांना गरम कप धरायला शिकवलं होतं. पुढची अक्कल त्यांची. रांगेत उभ्या उभ्या जोरजोरात श्वास ओढायचे, की आकडा घटकाभर वर. एकेक नमुना नुसता! मावशी चुलीपाशी हसायच्या.

त्या दिवशी असाच श्वास ओढत होता त्यांचा धाकटा भाऊ. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दोर वाहिले, आता कुठं शिखराच्या तुकडीत त्याचं नाव लागलं होतं. आकडा झकास आला. ताट मात्र जसंच्या तसं परत आलं. लहानपणी बहिणीच्या ताटातलं पळवणारा हा! भूक मेलेला गडी इथं पुढं आडवाच पडतो, हे मावशींनी पाहिलं होतं.

सांगावं तर त्याचं शिखर जातं, न सांगावं तर भाऊच जायचा. त्या ताट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण हा जेवला नाही. आणि आकडा त्यानं श्वास ओढून आणलाय."

दुसरं कुणी असतं तर हसण्यावारी नेलं असतं. डॉक्टरीणबाईंनी भावाला दहा मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं. आकडा धाडकन खाली. पावलाला पाऊल लावून सरळ चालायला सांगितलं, तर तिसऱ्याच पावलाला तो भिंतीवर कलंडला. मेंदूला सूज यायला लागली होती. तासाभरात त्याला खाली उतरवायला घेतलं.

"वैरीण आहेस तू, ताई," तो जाताना म्हणाला. मावशींनी त्याची कानटोपी नीट बांधली.

पुढे डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांनाच आधी बसवून मग मोजायचा नियम केला. मावशींना एक वही दिली: कुणाचं ताट कसं परत आलं, ते लिहायचं. त्या बाईंचे उपकार मावशी उठताबसता आठवतात.

छावणी आवरायच्या वेळी भाऊ सामान न्यायला वर आला. जेवायला बसला, दोनदा मागून घेतलं आणि चाटूनपुसून साफ केलेलं ताट बहिणीसमोर धरलं.

"लिही," तो म्हणाला.

मावशींनी वही उघडली, पण भरल्या डोळ्यांना ओळ काही दिसेना.