तुपाच्या गोळ्या

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. उंदरांच्या विषाच्या गोळ्यांना मी तूप चोपडलं होतं. तेही घरचं, साजूक!

हसा. मीही हसले असते, पण पुढचं ऐकलंत की हसू राहणार नाही.

परवा नातीनं विचारलं, आजी, आपल्या जुन्या घरात उंदीर-झुरळं झालीत, आणि आता कुत्र्याचं पिल्लू आणलंय, तर त्याला काही होणार नाही असे उपाय लिहून दे. मी शहाण्यासारखी लिहायला बसले. बिळात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लाव. मोरीला बारीक जाळी बसव. धान्य झाकणाच्या डब्यात, त्यात कडुनिंबाचा वाळका पाला. झुरळांवर साबणाचं कढत पाणी. खरकटं रात्रभर ठेवू नकोस. उंदरांना पिंजरा. डांबराच्या गोळ्या नकोत, विष तर— आणि तिथे पेन थांबलं. हे सगळं मला कोणी शिकवलं? सासूबाईंनी. आणि ऐकलं होतं का मी?

मी तेव्हा नवी नवरी, रसायनशास्त्राची पदवीधर. बडोद्यात पाऊल ठेवलं ते नाक वर करूनच. हे कोयलीला नोकरीला, सकाळीच बाहेर पडायचे. घरात मी, सासूबाई आणि त्यांचा बंड्या— एका कानाचा, पिवळट, कुठल्याही अंगानं देखणा नसलेला कुत्रा. सासरे गेल्यापासून तो सासूबाईंच्या पायाशीच असे. पिंजऱ्यात उंदीर सापडला की सासूबाई पिशवीत पिंजरा घालून चालत विश्वामित्री नदीच्या पलीकडे जायच्या आणि त्याला सोडून यायच्या. बंड्या बरोबर. मी म्हणायची, तुमच्या आधी उंदीर घरी परत येतो, आई! त्या म्हणायच्या, येऊ दे. घरात मुकं जनावर आहे, विष आणायचं नाही.

मग उंदरांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट कुरतडलं. माझ्या नावाची पहिली दोन अक्षरंच तेवढी उरली. उंदरांना सुद्धा माझी लायकी कळली होती, पण मला तेव्हा ते विनोदी वाटलं नाही. मी बाजारातून पुडी आणली. कणकेत कालवून पाच गोळ्या केल्या, कोठीच्या खोलीत धान्याच्या पिंपामागे ठेवल्या. दोन दिवस एकीलाही तोंड लागलं नाही. मग माझ्या पदवीधर डोक्यातून निघालं, वास हवा! आणि मी तूप लावलं.

तूप कोणाला आवडायचं, सांगू? शेजारच्या जशीबेन रोज सकाळी चुलीवरची पहिली रोटली बंड्याला घालायच्या, तूप लावून. कोरडी असली तर स्वारी तोंड फिरवायची. हे मी रोज बघत होते. रोज! जशीबेन जैन, मुंग्यांच्या वारुळापाशी साखर-पीठ घालणाऱ्या बाई. कोठीचं दार पावसाळ्यात फुगलेलं, नीट लागायचं नाही, हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंड्या न्हाणीघराशी पडलेला दिसला. सासूबाई मांडीवर डोकं घेऊन बसल्या. दिवेलागणीच्या आत तो गेला. मी पिंपामागे जाऊन पाहिलं— पाचातल्या दोनच उरल्या होत्या. त्या संडासात टाकल्या, वर दोन बादल्या पाणी ओतलं. हात किती वेळा धुतले कोण जाणे.

सासूबाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लं गं यानं?

त्यांनी मला विचारलं, एवढंच. माझ्यावर संशय घेतला नव्हता. मला गप्प बसता आलं असतं. मग मी ते वाक्य का बोलले? मी म्हटलं, जशीबेनची रोटली. पिठाला बुरशी असावी, वास येत होता.

बुरशी! रसायनशास्त्रातून एवढंच कामी आलं.

सासूबाई भांडल्या नाहीत. जशीबेनच्या ओट्यावर जाऊन फक्त विचारलं, बेन, पीठ बुरशीचं होतं का हो? जशीबेननी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पीठ चांगलं होतं असं त्या ठामपणे म्हणाल्या असत्या तर— पण पावसाळ्यातल्या पिठाची खात्री त्यांनाही देता येईना. ज्या बाईच्या पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून धडपड, तिच्या हातून जीव गेला! त्या दिवसापासून जशीबेननी तूप सोडलं, जन्मभरासाठी. कुत्र्याला रोटली घालणंही थांबलं.

सासूबाईंचं त्यांच्याकडे जाणं-येणं सुटलं. मी मात्र जात राहिले. भाजी निवडायला, शिवणाला. प्रेमानं जात होते म्हणू? की पहारा द्यायला? त्यांच्या कोरड्या रोटल्या बघत मी तिथे बसायची.

आणि दर वर्षी पर्युषणाच्या शेवटी त्या आमच्या दारात यायच्या. वर्षभरातल्या चुकांची सगळ्यांकडे क्षमा मागण्याची त्यांची रीत. हात जोडून सासूबाईंना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणायच्या, मग मलाही. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान मला! बोलायला याहून सोपी वेळ कुठली? समोरचा हात जोडून उभा, तोंडातून एक वाक्य काढायचं. मी काय केलं? मीही हात जोडले. क्षमा केली. तेरा वर्षं, दर वर्षी, मी त्यांना क्षमा करत राहिले.

आता सासूबाई नाहीत, जशीबेनही नाहीत. दोघी जाईपर्यंत मी गप्प राहिले. नातीला मी उपायांची यादी पूर्ण करून दिली. विषापुढे 'नको' एवढंच लिहिलं.

त्या तेरा वर्षांनंतर जशीबेन मुलाच्या नव्या घरी, गोत्रीला राहायला निघाल्या, त्या सकाळी सामान टेम्पोत चढलं होतं. मी त्यांची पाण्याची बाटली भरून द्यायला गेले. त्यांनी माझा हात धरला, तोच हात, आणि म्हणाल्या,

"दीकरी, माझ्या हातून तुमच्या घरचा जीव गेला, पण तू कोई दिवस मला टोचून बोलली नाहीस. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलं नथी."