भिकाभाऊंना दिलेल्या तीन काड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — घरातसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय.

मी सुरतेत उधन्याच्या एका शाळेत शिकवायचे. गच्चीवर जास्वंदी लावलेल्या. दोन जास्वंदींचा संकर करून नवा रंग कसा काढायचा, हे मला भिकाभाऊंनी शिकवलं. ते लिंबायतला लूमवर कामाला, मूळचे धुळ्याकडचे, माझ्याच तालुक्यातले. पराग कधी लावायचा, देठाला सूत बांधून खूण कशी ठेवायची, बोंड वाळेपर्यंत हात कसा आवरायचा — सगळं त्यांचं. एकदा पाळी संपवून ते सायकलवर थेट माझ्याकडे आले, काडेपेटीत त्यांच्या तपकिरी जास्वंदीचा पराग घेऊन. तो मी माझ्या पिवळीला लावला. बी धरलं. दोन वर्षांनी त्यातल्या एका रोपाला फूल आलं — राखाडी-जांभळं, कडेला तांबूस झाक. असा रंग मी कुठेच पाहिला नव्हता.

प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. लोक फोटो काढत होते. भिकाभाऊ गर्दीच्या मागे उभे होते, माझ्याहून जास्त खूश. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, माले एक काडी द्या ना."

नाही म्हणता आलं असतं का? कुठल्या तोंडानं? ते झाड जितकं माझं, तितकंच त्यांचं. मी हो म्हटलं. चांगली जाडसर काडी कापली आणि — कसं लिहू — गॅसवर उकळलेल्या पाण्यात तिचं खालचं टोक धरून ठेवलं. मिनिटभर. मग पुसून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. पानं टवटवीतच होती.

तो रंग मला फक्त माझ्या गच्चीवर हवा होता. एवढंच.

पंधरा दिवसांनी ते आले. काडी काळी पडली होती. मी दुसरी दिली — तशीच. मग तिसरी. दर वेळी वाटायचं, आता ओळखतील. त्यांनी संशय घेतला तो फक्त स्वतःवर.

तिसरीही गेली, तेव्हा ते आपल्या सगळ्या कुंड्या रिक्षात घालून माझ्या दारात उभे राहिले. "मना हातले आते गुण नही ऱ्हायना, ताई. तुमनाकडे जगतीन."

मी कुंड्या उतरवून घेतल्या. चहा केला. "असं काही नसतं हो," असंही म्हणाले.

आता ते गावी असतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला. सुनेनं अंगणात मोगरा लावलाय. खड्डा यांनी खणला, पाणी यांनी आणलं, पण रोपाला बोट लावलं नाही — आपल्या हातानं मरायला नको म्हणून. हे त्यांनी हसत हसत सांगितलं.

त्या क्षणी मी बोलू शकले असते. मी विचारलं, "कळ्या धरल्या का हो मोगऱ्यानं?"