दवाखान्याच्या अंगणातली चिनी कसरत

बीडच्या जनाना दवाखान्यात आम्ही तिघी दाईकाम आणि मलमपट्टी शिकत होतो. मी बालविधवा, दुसरी गावातल्या मुसलमान शिंप्याची मुलगी, तिसरी धारूरची. चार महिने झाले नाहीत तोच गावात उंदीर मरून पडू लागले. लोक घरांना कुलपं घालून रानात झोपड्यांत राहायला गेले आणि आमच्याकडे गाठीच्या तापाचे, प्लेगचे, रोगी येऊ लागले. गाठ चिरताना खाली भांडं धरायचं काम आमचं. माझे हात असे कापत, की भांडं चिमट्यावर वाजत राही.

दवाखान्याचा म्हातारा पहारेकरी जवानीत फौजेबरोबर चीनला गेला होता. तिथल्या एका हकिमानं त्याला एक कसरत शिकवली होती. आमची उतरलेली तोंडं बघून त्यानं एका सकाळी आम्हाला अंगणात उभं केलं.

"पाय रोवून उभ्या ऱ्हा, बेटी. आता हात वर. लई हळू. दम सोडा."

आधी हसू आलं. पण आठ-दहा दिवसांत माझे हात थांबले, अन्न गोड लागायला लागलं. शिंप्याच्या मुलीला तर ती कसरत अशी साधली, की आम्ही आपली सोडून तिचीच बघत राहायचो.

एका सकाळी तिचा डावा हात खांद्यापाशीच अडला.

"काय झालं गं?"

"काई न्हाई. घागर उचलताना लचकला."

दुसऱ्या दिवशी तो तेवढाही उठेना. पहारेकरी तिच्याजवळ गेला. मग हळूच म्हणाला, "खाली घे हात, बेटी."

मी तिला आत नेऊन बाही वर सारली. काखेत लिंबाएवढी गाठ होती.

"डॉक्टरीणबाईला सांगू नको," ती म्हणाली. "मला रानात नेऊन टाकतील."

मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. तिला रानातल्या झोपडीत नेलं आणि चौथ्या दिवशी ती तिथंच वारली. तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मग कुणाचा हात अडतो ते दिसावं म्हणून बाईंनी हुकूम केला, की रोज सकाळी कसरत त्यांच्यासमोरच व्हायची. अंगणात यायच्या आधी मी आडोशाला जाऊन स्वतःच्या काखा चाचपायची. पहारेकरी "दम सोडा" म्हणायचा आणि आम्ही दोघी श्वास कोंडून एकमेकींच्या हातांकडे बघत राहायचो. पंधरवड्यात धारूरची न सांगता घरी निघून गेली.

ऊन तापलं तशी साथ ओसरली. एक दिवस शिंपी आपल्या मुलीचे कपडे मागायला आला. ते आम्ही केव्हाच जाळले होते. मी आतूनच त्याचा आवाज ऐकला, बाहेर गेले नाही. पहारेकऱ्यानंच त्याला काय ते सांगितलं.