दोह्यातला ओला उन्हाळा आणि तीन कोंबड्या

लग्न झालं तेव्हा मी भलतीच सोवळी होते. नवऱ्याला ऑम्लेट आवडायचं, म्हणून बिचारा मित्राकडे जाऊन खाऊन यायचा, आणि मी त्याला अंगणातच गुळण्या करायला लावायची. शेजारी अंडं फुटल्याचा वास आला की आमच्याकडे उदबत्ती लागायची. वय बावीस, अक्कल बेताची आणि तोरा मठाधिपतीचा! ती बाई आज भेटली तर तिला मी आमच्या दोह्यातल्या, अबू हमूर भागातल्या घरामागे नेईन आणि नुकतंच घातलेलं कोमट अंडं तिच्या तळहातावर ठेवीन. किंचाळली तर आणखी मजा.

कोंबड्या आल्या त्या नातीच्या हट्टानं. थंडीच्या दिवसांत मुलगा तिला जनावरांच्या बाजारात घेऊन गेला आणि तीन तपकिरी कोंबड्या खोक्यात घालून घेऊन आला. मागच्या अंगणात लाकडी खुराडं लागलं. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी कोंबड्या पाळत होतं. मुलानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "मे महिना लागला की परत द्यायच्या. इथल्या उन्हाळ्यात जगत नाहीत त्या."

नातीचे डोळे भरले. मला मात्र झोंबलं.

"काहून रे? मी अकोल्याची आहे. मले उन्हाळा शिकवतो?"

"आई, अकोला वेगळं, दोहा वेगळं."

"ऊन ते ऊन. एक जरी कोंबडी दगावली ना, तर उरलेल्या मी स्वतः नेऊन देईन. मग तर झालं?"

झालं. नातीनं माझ्या कमरेला मिठी मारली, आणि तिच्या कोंबड्यांचा जीव माझ्या शब्दाला टांगला गेला.

मे-जूनमध्ये गरम कोरडा वारा सुटला आणि मी माहेरची विद्या बाहेर काढली. खुराड्याभोवती गोणपाटं बांधली, त्यांवर येता-जाता पाणी मारलं, प्यायला मातीच्या परातीत पाणी ठेवलं. आत असा गारवा की मलाच जाऊन बसावंसं वाटे. मग काय, अकोल्याच्या बहिणीला फोन, समोरच्या मल्याळी बाईला (तिनंही कोंबड्या पाळल्या होत्या) हिंदीतून प्रवचन, भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं. सून म्हणाली, "आई, आता विमानतळावर बोर्ड लावायचा राहिलाय."

ऑगस्टमध्ये हवा फिरली. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. मी म्हटलं, उकाडा वाढला तर पाणी वाढवू. एका दुपारी नात अनवाणी धावत आली. "आजी, कम फास्ट! शी कान्ट ब्रीद!"

तिची लाडकी, मानेवर पांढरं पीस असलेली, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापत होती. मी गोणपाटावर आणखी दोन तांबे ओतले. तिची मान आणखी खाली गेली. तेव्हा कुठे मी खुराड्यात हात घातला. मोदकपात्राचं झाकण काढावं तशी वाफ हातावर आली. अकोल्याचं वारं कोरडं, ते गोणपाटातलं पाणी पिऊन टाकतं आणि जाताना गारवा देऊन जातं. इथलं वारं समुद्रावरून आधीच पिऊन आलेलं. ते माझं पाणी कशाला घेईल? मी तिन्ही कोंबड्या मोठ्या प्रेमानं वाफवत होते!

गोणपाटं ओरबाडून काढली. लाडकीला बगलेत मारलं आणि तडक माझ्या खोलीत, एसीत. उरलेल्या दोघींना नातीनं आणलं. टबात पाणी घेऊन लाडकीचे पाय त्यात बुडवले. नात थेंब थेंब पाणी चोचीत सोडत होती.

"विल शी डाय, आजी?"

"तिची काय बिशाद आहे!" मी म्हटलं. आणि टबातलं पाणी बदललं. हिचं काही झालं तर मुलगा एक शब्दही बोलणार नव्हता, आणि ते जास्त लागलं असतं.

बऱ्याच वेळानं चोच मिटली. मान वर आली. अंग झाडून बाई टबाबाहेर उतरल्या आणि माझ्या सोलापुरी चादरीवर चढून घाण करून मोकळ्या झाल्या. नात नाचायला लागली. मीही नाचले असते, पण गुडघे!

मुलगा ऑफिसातून आला तो दारातच थबकला. "आई, हे काय?"

"तुझं खरं होतं. हा अकोल्याचा उन्हाळा नाही. मी शिजवत होते त्यांना."

"मग? परत द्यायच्या?"

"का म्हणून? मोजून घे. तीनच्या तीन आहेत. दगावली असती तर दिल्या असत्या."

तो हसायला लागला, तेव्हाच मी जिंकले. शुक्रवारी त्यानं स्वतः खुराडं सावलीच्या भिंतीला हलवलं, वर पंखा बसवला. दुपारच्या वेळी मात्र तिघी माझ्याच खोलीत, वर्तमानपत्रावर. बाविशीतली ती मठाधिपती पाहती तर जागच्या जागी आडवी झाली असती.

ऑक्टोबरात हवा सुधारली आणि उन्हाळाभर बंद पडलेली अंडी पुन्हा सुरू झाली. नात पहिली दोन घेऊन समोरच्या घरी गेली. मी आमच्या पुढच्या भिंतीआड पालकाची पानं तोडत होते. समोरची बाई विचारत होती, आमच्या कोंबड्या तर जूनमध्येच मेल्या, तुमच्या कशा राहिल्या?

"माय आजी गेव्ह देम हर रूम," नात म्हणाली. मग थांबून म्हणाली, "ऑल थ्री."

पालक तोडून केव्हाच झाला होता. मी तरी तिथंच उभी राहिले, ती आणखी काही सांगते का ते ऐकत.